क्रिलची अंडी आणि सागरजलाचे आम्लीकरण

वातावरणातील कार्बन डायऑक्साइड सागरजलात विरघळला, की कार्बोनिक आम्ल निर्माण होते. औद्योगिक युगाच्या प्रारंभापासून सागरपृष्ठाचे सरासरी पीएच मूल्य सुमारे ८.२ वरून ८.१ पर्यंत उतरले आहे. कवचधारी प्राण्यांवर याचा परिणाम प्रथम कवचावर दिसावा, असे सकृद्दर्शनी वाटते. अंटार्क्टिक क्रिल या लहान कवचधारीच्या बाबतीत मात्र खरा धोका अंड्याला आहे. मादी वरच्या थरात अंडी घालते. ती ७०० ते १००० मीटर खोल बुडतात व तेथे त्यांतून डिंभ बाहेर पडतात. सेंद्रिय द्रव्याच्या विघटनामुळे त्या खोलीवर हा वायू पृष्ठजलापेक्षा अधिक असतो.

कावागुची व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, वायूचा आंशिक दाब १००० मायक्रोॲटमॉस्फिअरच्या वर गेल्यावर डिंभ बाहेर पडण्याचे प्रमाण घटले. १७५० च्या दाबास ते जवळजवळ शून्यावर आले. उलट, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्रौढ क्रिल १००० ते २००० च्या दाबातही सुमारे वर्षभर जगले व वाढले. तेव्हा प्रौढांच्या सहनशक्तीवरून जातीचे भवितव्य ठरविणे युक्त नव्हे. क्रिलवर उपजीविका करणाऱ्या देवमाशांचा व पेंग्विनांचा विचार करतानाही मोजमाप केवळ पृष्ठजलाचे नव्हे, तर अंडी जेथवर बुडतात त्या खोल जलाचे व्हावयास हवे.