चावी जास्त दिल्याने घड्याळ पुढे जात नाही

वसईतल्या गिरीजच्या कपाटांतून जुनी एचएमटी घड्याळं पुन्हा बाहेर निघू लागली आहेत. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूरला सुरू झालेला हा कारभार २०१६ मध्ये बंद करायचं ठरलं, पण आजोबांची एचएमटी ‘जनता’ अजून टिकटिकते. नातवंडं ती हौसेने घालतात याचा मला मनापासून आनंद आहे. त्रास होतो तो तिच्यासोबत वारशाने आलेल्या एका समजुतीचा: “चावी जास्त दिली की स्प्रिंग ताणते, म्हणून घड्याळ पुढे पळतं.” मग चार-पाच वेढे देऊन हात आखडता घेतला जातो.

हे चूक आहे, आणि त्याने घड्याळाची चालच बिघडते. चावीने भरते ती मुख्य स्प्रिंग. तिचं काम ताकद पुरवण्याचं. वेळ मोजतं ते बॅलन्सचं चाक आणि त्याला जोडलेली केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग. ‘जनता’मध्ये हे चाक सेकंदाला ५ ठोके देतं, तासाला १८,०००. मुख्य स्प्रिंग पूर्ण भरली की चाकाचा झोका मोठा होतो, पण मोठ्या झोक्यालाही वेळ जवळजवळ तेवढाच लागतो. ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६७५ मध्ये सर्पिल स्प्रिंगचं घड्याळ जाहीर केलं, ते याच गुणासाठी. ताकद कमी पडून झोका लहान झाला की मात्र ही समानता बिघडते. म्हणजे भीतीपोटी अर्धवट चावी दिलेलं घड्याळच जास्त लहरी चालतं. रोज ठरलेल्या वेळी, चावी आपणहून अडेपर्यंत द्या. अडल्यावर जोर करू नका, एवढंच पथ्य.

अपवाद एकच. दुरुस्तीत कुणी प्रमाणाबाहेर जोरकस स्प्रिंग बसवली, तर झोका इतका वाढतो की चाक आतल्या आत आपटून परततं आणि घड्याळ भरधाव सुटतं. तिथे दोष चुकीच्या स्प्रिंगचा असतो, चावी देणाऱ्याचा नाही.

मग रोज पाच-दहा सेकंद पुढे का? कारण बहुतेक वेळा ते तसंच लावलेलं असतं. दिवसाचे सेकंद ८६,४००. ‘जनता’ दिवसाला ४,३२,००० ठोके देते. त्यात ५० ठोके जास्त पडले की १० सेकंद पुढे. स्विस क्रोनोमीटरच्या चाचणीतही (आयएसओ ३१५९) दिवसाची सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे चालते. सूट पुढच्या बाजूला जास्त आहे हे बघा. घड्याळ उभं धरलं की घर्षण वाढतं, वर्षं गेली की तेल घट्ट होतं, आणि दोन्हींमुळे ते बहुधा मागे पडू लागतं. म्हणून कारागीर आधीच थोडी पुढची शिल्लक ठेवतो. शिवाय वसई रोडला गाडी चुकते ती मागे पडलेल्या घड्याळामुळे!

कालपर्यंत नीट असलेलं घड्याळ अचानक दिवसाला कित्येक मिनिटं पुढे जाऊ लागलं, तर मात्र पहिला संशय चुंबकाचा घ्या. स्पीकर, पर्सचं चुंबकी बटण, मोबाइलचं चुंबकी कव्हर यांच्याजवळ घड्याळ राहिलं की हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, तिची कामाची लांबी घटते आणि ठोके भराभर पडतात. होकायंत्र जवळ नेऊन सुई हलते का पाहा. चुंबकत्व घालवणारं यंत्र चांगल्या कारागिराकडे असतं आणि काम काही सेकंदांचं आहे. तेलाचा थेंब हेअरस्प्रिंगवर गेला तरी वेढे असेच चिकटतात, पण मग घड्याळ उघडून साफ करावं लागतं.

बाकीचे समज थोडक्यात. उन्हाळ्यात घड्याळ पुढे जातं? जुन्या पोलादी हेअरस्प्रिंगचं घड्याळ उकाड्यात उलट मागे पडतं, आणि नंतरच्या मिश्रधातूंनी तो फरक फार कमी केला. मोबाइलच्या लहरी? त्यांनी काही होत नाही, मोबाइलमधल्या स्पीकरच्या चुंबकाने होऊ शकतं. आपल्याकडची खारी, दमट हवा? गंजाने हेअरस्प्रिंग कमजोर होते आणि घड्याळ मागे पडतं. महागडं यांत्रिक घड्याळ सर्वांत बिनचूक? साधं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला साधारण १५ सेकंदच चुकतं.

रोजचे ते पाच-दहा सेकंद कमी करायचे असतील, तर रात्री घड्याळ ठेवायची पद्धत बदलून पाहा. तबकडी वर करून ठेवल्यावर आणि चावीची बाजू वर करून उभं ठेवल्यावर चाल बहुधा वेगवेगळी येते. आठवडाभर दोन्ही आकडे वहीत लिहा. दिवसा पुढे गेलेले सेकंद ज्या स्थितीत कमी होतील, तीच तुमच्या घड्याळाची रात्रीची जागा.