ओढणीतून गाळलेली हवा

दुचाकीवर बसण्याआधी पुण्यातल्या मुली ज्या सराईतपणे ओढणी चेहऱ्याभोवती गुंडाळतात, ते पाहून परगावचा माणूस पहिल्यांदा दचकतोच. डोळे तेवढे उघडे. मीही सिग्नलला नाकावर रुमाल धरतो. ऊन आणि धूळ यांच्यापुरती ही सोय ठीक आहे, धुरापुढे मात्र तिचं काही चालत नाही. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा असतो, तर डिझेलच्या धुरातले बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षाही बारीक. मासे धरायच्या जाळ्याने पीठ चाळावं, तसा हा प्रकार. वायूंना तर कापडाची अडचण अशी नाहीच.

चाळिशी ओलांडलेल्यांना तो निळसर धूर आठवत असेल. लुना, जुन्या स्कूटर, रिक्षा, सगळ्यांचं इंजिन टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून घ्यायचं, किक मारायची आणि मागच्याला खोकायला लावायचं. या इंजिनात जळलेला वायू बाहेर पडत असतानाच नवं मिश्रण आत शिरतं, त्यामुळे थोडं पेट्रोल न जळताच बाहेर निसटतं. म्हणजे पैसे आपण मोजायचे आणि पेट्रोल मागच्याच्या फुप्फुसात! तो धूर रस्त्यावरून जवळपास गेला, म्हणून हवा निवळली असं आपल्याला वाटतं. पण सायलेन्सरमधून येणाऱ्या ज्या गोष्टींनी सर्वाधिक घात केला, त्या बहुधा दिसत नाहीत.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवतं. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून गाडीत झोपलेली माणसं म्हणूनच उठत नाहीत.

शिशाची गोष्ट याहून मोठी. १९२१ साली अमेरिकेत जनरल मोटर्ससाठी काम करणाऱ्या थॉमस मिजली यांना आढळलं, की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड घातलं की इंजिनाची ठकठक थांबते. माल विकायला काढताना त्याचं नाव ठेवलं ‘एथिल’. शिशाचा उल्लेख नावातून अलगद गाळला. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे शुद्धीकरण कारखान्यात हे रसायन हाताळणाऱ्या कामगारांना भ्रम होऊ लागले आणि त्यांतले पाच जण दगावले. त्याच महिन्याअखेर मिजलींनी पत्रकारांसमोर ते द्रव्य हातांवर ओतून घेतलं, बाटली मिनिटभर हुंगली आणि काही होत नाही म्हणून सांगितलं. स्वतः ते आदल्याच वर्षी शिशाच्या विषबाधेतून उठले होते, हे अर्थात सांगितलं नाही. पुढची कित्येक दशकं जगभरच्या गाड्या शिसं ओकत राहिल्या. शिसं लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर घाला घालतं, आणि तो घाला भरून येत नाही.

भारतात बिनशिशाचं पेट्रोल १९९५ मध्ये आधी चार महानगरांत आलं आणि २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर शिसं बंद झालं. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, २०२१ मध्ये. कुठल्याही रुमालाने हे साधलं नसतं. ते साधलं शुद्धीकरण कारखान्यात, कायद्याच्या रेट्याने. २०२० च्या एप्रिलमध्ये आपण गाड्यांच्या धुराच्या मानकांत भारत स्टेज चारवरून पाच वगळून थेट सहावर उडी घेतली, तेव्हा इंधनातल्या गंधकाचं प्रमाण दहा लाखांत ५० भागांवरून १० वर आलं. नाकाची काळजी नाकापाशी घेता येत नाही, ती टाकीपाशी आणि सायलेन्सरपाशीच घ्यावी लागते, असं माझं ठाम मत आहे.

उरलेला धूर काही निरुपद्रवी नाही. डिझेलच्या धुराने माणसाला फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये निःसंदिग्धपणे जाहीर केलं. अतिसूक्ष्म कण फुप्फुसातून रक्तात उतरतात, म्हणून त्यांचा संबंध खोकल्याइतकाच हृदयविकाराशीही आहे. अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी या संघटनेची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम, आपली ४०. फटाक्यांवरून आपण दर दिवाळीत हिरिरीने भांडतो, भांडायलाही हवं. पण फटाके चार दिवसांचे पाहुणे. गाडीचा धूर घरचाच.

नायट्रोजनची ऑक्साइडं आणि न जळलेलं इंधन यांच्यापासून उन्हात ओझोन तयार होतो. जमिनीलगतचा हा ओझोन छातीला जाचतो आणि उभ्या पिकांचंही उत्पन्न घटवतो. शहराचा धूर असा शेतकऱ्याच्या बांधावर जातो. आणखी एक हिशेब भल्याभल्यांना खोटा वाटतो. पाऊण किलोही न भरणारं लिटरभर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. वरचं वजन हवेतल्या प्राणवायूचं.

गाडीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर विषारी वायूंचं रूपांतर करतो, पण तो चांगला तापल्याशिवाय कामाला लागत नाही. कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी आणायला काढलेली गाडी म्हणूनच किलोमीटरमागे सर्वांत घाण धूर सोडते. चालत जा की! शाळेच्या फाटकापाशी एसीसाठी इंजिन चालू ठेवून मुलांची वाट पाहणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की तुमच्या मुलाचं नाक तुमच्या नाकापेक्षा सायलेन्सरच्या जास्त जवळ असतं.

राहिली पीयूसी, म्हणजे गाडीच्या धुराची सक्तीची तपासणी. या तपासणीत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन पाहतात, डिझेल गाडीच्या धुराचा दाटपणा. नायट्रोजनची ऑक्साइडं आणि सूक्ष्म कण त्यात मोजलेच जात नाहीत. जी मोजणी होते, ती तरी खरी व्हावी. मला एकदा गाडीचा नुसता फोटो काढून दोन मिनिटांत प्रमाणपत्र हातात मिळालं होतं, आणि घाईत होतो म्हणून मीही काही बोललो नाही. पुढच्या वेळी तुम्ही पीयूसी काढाल, तेव्हा गाडीतून उतरा आणि मशीनची नळी सायलेन्सरमध्ये घातली जाते आहे ना, तेवढं उभं राहून बघा.