चेनसॉ चालू होत नाही? आधी प्लग बघा
बोरगाव मेघेत पावसाळाभर पडून राहिलेले चेनसॉ आता बाहेर निघतील. दोरी ओढून ओढून खांदा दुखवण्याआधी प्लग काढून बघा. ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय: स्विच आणि चोक बंद ठेवून, प्लग न लावता दोरी ओढा, मग पुसून बसवा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाही. बहुतेकदा टाकीतला फिल्टर तुंबलेला, नळी चिरलेली किंवा कार्बोरेटरचा पातळ पडदा कडक झालेला निघतो. पडदा स्वस्तात मिळतो, अख्खा कार्बोरेटर बदलायची घाई नको!

आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओल धरतं. जुनं मिश्रण काढूनच टाका. नव्याचं प्रमाण पुस्तिकेत बघा. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल.