मीटर नंतर बघू

मित्राची कावासाकी झेड ९०० विकायला आम्ही नाना पेठेतल्या एका दुकानात गेलो. गाडी २०१९ ची, चालली जेमतेम अकरा हजार किलोमीटर. हाच त्याचा हुकमी एक्का.

"मीटर नंतर बघू, साहेब," म्हणत दुकानदाराने क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरच्या टोकांवर नख फिरवलं. मग हँडलची टोकं, फूटपेगच्या कडा. गाडी आडवी झाली की पहिला मार तिथेच बसतो. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळीवर बोट फिरवलं, तेल नव्हतं. मागची चेन चक्रावरून ओढून पाहिली. दाते उघडे पडले नाहीत. मग टायरशी उकिडवा बसला. बाजूला चार आकडे होते : ३८१८. म्हणजे २०१८ सालचा अडतिसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक, पण रबर वाळलेलं. टायरची जोडी त्याने तिथल्या तिथे भावातून वजा केली. एक्का असा गेला!

मित्र ऑन रोड किंमत धरून बसला होता, खरी गोची तिथे. २९९ सीसीच्या वरच्या गाडीला महाराष्ट्रात किमतीच्या १२ टक्के रोड टॅक्स. तो, पासिंग आणि पहिला विमा, यातलं काही घेणारा भरून देत नाही. विम्याचं कोष्टक तर चार वर्षं उलटली की गाडीची किंमत निम्मीच धरतं.

बाजार मात्र कोष्टकाने चालत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये हार्ले-डेव्हिडसनने भारतातला कारखाना बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा धडधाकट गाड्यांचे मालकही धास्तावले. पार्ट मिळतील का, ही शंका किलोमीटरपेक्षा जास्त भाव खाते. उलट, दुकानदारच म्हणाला, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरच्या नव्या गाड्यांचा कर ३१ वरून ४० टक्क्यांवर गेला, आणि जुन्यांना जरा टेकू मिळाला. भाव पाडायला बसलेला माणूस हे आपणहून सांगतो, म्हणजे खरं असावं.

"बोजा उतरवलाय?"

कर्ज केव्हाच फिटलं होतं. फॉर्म ३५ भरून आरसीवरची बँकेची नोंद काढायची तेवढी राहिली होती.

"आणि हा सायलेन्सर कंपनीचा नाही. ओरिजनल कुठंय?"

आवाजासाठी हौसेने बसवलेल्या त्या महागड्या सायलेन्सरचे भावात शून्य रुपये. ओरिजनल नसेल तर उलट कापणार. तो मित्राच्या घरी माळ्यावर होता, जुन्या गाद्यांच्या मागे. आम्ही रिक्षा केली आणि आणायला गेलो.