घरच्या मुलाचा पगार

बँकेत कर्जाचे अर्ज तपासताना मी व्यापाऱ्यांना विचारीत असे, "दुकानात बसणाऱ्या मुलाचा पगार किती?" उत्तर ठरलेले असे : "घरच्याला कसला पगार!"

समजा, दुकानाचा वार्षिक नफा ६ लाख रुपये आहे आणि वडील व दोन मुले तेथे राबतात. बाहेर प्रत्येकाला महिना २० हजार मिळाले असते, तर वर्षाचे तिघांचे ७ लाख २० हजार झाले असते. म्हणजे तो नफा नव्हे, अपुरी मजुरी होय.

मुलाचे वेतन वहीत लिहावे. वाजवी वेतन प्राप्तिकरात व्यवसायाचा खर्च म्हणून मान्य होते. मुलाचे स्वतंत्र विवरणपत्र पुढे गृहकर्जास उपयोगी पडते. तूट दिसल्यास थकलेली उधारी वसूल करावी, पडून राहिलेला माल काढावा. येत्या दिवाळीत नव्या वहीतील पहिली नोंद मुलाच्या पगाराची असावी.