कंसातलं नाव

माझी आजी अकोला तालुक्यातल्या आमच्या वावरात जन्मभर कापूस वेचत होती. दंव पडलेलं असतानाच बाया शेतात शिरायच्या, कारण पाला ओला असला की त्याचा चुरा होऊन कापसाला चिकटत नाही. कमरेला बांधलेलं फडकं भरलं की धुऱ्यावर रिकामं करायचं आणि परत आपलं तास धरायचं. वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी नखांच्या कडा फाटत. रात्री चुलीपुढे बसून ती त्या भेगांत तेल भरायची. सरकी टोबण्यापासून गाडी भरेपर्यंतचं सगळं काम तिच्या हातून गेलेलं, पण सातबाऱ्यावर नाव आजोबांचं. आजोबा गेले तेव्हा वारस म्हणून तिचं नाव चढलं, आणि वर्षभरात हक्कसोड करून घेतल्यावर कंसात गेलं. कमी केलेल्या नावाभोवती उताऱ्यावर कंस करतात. तो उतारा मी जपून ठेवला आहे. वऱ्हाडातल्या बायांनी काय मिळवलं, याचा विचार करायला बसले की आधी तो कंस डोळ्यांपुढे येतो.

आपल्या भागात हा झगडा जुना आहे. 1882 साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं आणि वर स्वतःचं नाव घातलं. वडील सरकारी कचेरीत कारकून, गाव आडबाजूचं. निमित्त झालं सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेच्या खटल्याचं. त्या खटल्यावरून वर्तमानपत्रं समस्त बायकांच्या चारित्र्यावर घसरली, तेव्हा ताराबाईंनी पुरुषांच्या वागण्याचा हिशेब मांडला. पुण्यात छापलेल्या त्या पुस्तकाची किंमत नऊ आणे होती. टीका इतकी झाली की ताराबाईंनी पुन्हा पुस्तक लिहिलं नाही. जोतीराव फुले मात्र ‘सत्सार’मधून त्यांच्या बाजूने उभे राहिले. मग 1975मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुस्तक पुन्हा छापलं. मधली 93 वर्षं ते जवळजवळ विस्मरणात होतं. नाव लिहिलं तरी ते टिकेलच असं नाही, हे बुलढाण्याच्या या बाईने फार आधी भोगलं.

अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे यांचं नाव तर आजही शाळेच्या पुस्तकात सहज सापडत नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो. 20 जुलै 1942 रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली, तिच्या त्या अध्यक्ष होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर समोर होते. भर पावसाळ्यात हजारो बाया जमल्या होत्या. आकडा 25,000 असा सांगतात. बायकोला घटस्फोटाचा हक्क हवा, एकीवर दुसरी करायला कायद्याने बंदी हवी, असे ठराव त्यांनी केले. गिरणीत, विडी कारखान्यात, नगरपालिकेत राबणाऱ्या बाईला 21 दिवसांची किरकोळ रजा मिळावी, वीस वर्षांच्या नोकरीनंतर महिना 15 रुपये पेन्शन मिळावी, हेही मागितलं. सुलोचनाबाई संततिनियमनावरही उघड बोलल्या. ‘चले जाव’चा ठराव व्हायला तेव्हा अजून 19 दिवस होते, आणि द्विभार्याबंदी व घटस्फोट हिंदू विवाह कायद्यात यायला 13 वर्षं. या बायांची मागणी कायद्याच्या इतकी पुढे होती.

मानाची पदंही इथल्या मुलींना मिळाली. अमरावतीत जन्मलेल्या कुसुमावती देशपांडे 1961 साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. 1878पासून चालत आलेल्या संमेलनाला तोवर एकही बाई अध्यक्ष म्हणून लाभली नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या गेल्या. अमरावतीने लोकसभेवर उषाताई चौधरी यांना दोनदा पाठवलं, नंतर 1991मध्ये प्रतिभाताई पाटील यांना. प्रतिभाताई 2007 साली राष्ट्रपती झाल्या. अमरावतीची सून राष्ट्रपती भवनात गेली, याचा आनंद तेव्हा गल्लोगल्ली होता आणि तो खरा होता.

पण माझ्या आजीच्या कंसाजवळ सगळ्यांत आधी पोचली ती 1989ची गोष्ट. त्या नोव्हेंबरात शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन अमरावतीला झालं. माझी आई शेजारणींबरोबर ट्रकमध्ये उभी राहून गेली होती. परत आली ती पदराला लाल बिल्ला लावून, आणि एक नवा शब्द घेऊन: लक्ष्मीमुक्ती. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांचं म्हणणं साधं होतं. सरकारकडे घामाचं दाम मागणाऱ्या शेतकऱ्याने आधी घरच्या लक्ष्मीचं देणं फेडावं, जमिनीचा तुकडा तिच्या नावे करावा. ज्या गावात शंभर घरांनी असं केलं ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. बायांना राळेगावजवळच्या रावेरीची गोष्ट ठाऊकच होती. टाकून दिलेल्या सीतेने तिथे मूठभर गहू मागितले, गावाने दिले नाहीत, म्हणून तिथे गहू पिकणार नाही असा शाप तिने दिला, असं सांगतात. तिथल्या सीतेच्या मंदिराचा जीर्णोद्धार पुढे जोशींच्याच पुढाकाराने झाला. त्याच 1989 साली यवतमाळ जिल्ह्यातल्या मेटीखेड्यात बायांचं अख्खं पॅनेल ग्रामपंचायतीवर निवडून आलं.

चळवळीचा रेटा सरकारपर्यंत पोचला. 15 सप्टेंबर 1992च्या परिपत्रकाने नवऱ्याने अर्ज केला की बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची वाट मोकळी केली. मात्र अर्ज नवऱ्याने करायचा. आमच्या घरी आईने विषय काढला की बाबा ‘पाहू’ म्हणायचे. त्या ‘पाहू’मध्ये हंगामामागून हंगाम गेले.

पुढे आत्महत्यांचा काळ आला आणि उताऱ्यावरच्या नावाची किंमत सगळ्या वऱ्हाडाला कळली. नवरा गेला, जमीन सासऱ्याच्या नावे, कर्ज सावकाराचं. मग ती आत्महत्या सरकारी मदतीला ‘पात्र’ की ‘अपात्र’, हे कागद ठरवणार. मागे राहिलेली बाई त्याच वावरात उद्या निंदायला जाणार, पण पीककर्ज मागायला गेली की उतारा तिच्या नावचा नाही. 2019च्या जानेवारीत यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन लेखिका नयनतारा सहगल यांच्या हस्ते व्हायचं होतं. त्यांचं निमंत्रण मागे घेतलं गेलं, ही लाजिरवाणी गोष्ट होती. त्या जागी राजूरच्या वैशाली येडे उभ्या राहिल्या. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची ही पत्नी. अडचणीच्या वेळी दिल्लीची नव्हे, गल्लीतली बाईच कामी येते, अशा अर्थाचं त्या बोलल्या. अध्यक्षपदी अरुणा ढेरे होत्या. त्या मांडवात दोन्ही मानाच्या जागी बाया होत्या.

आणि 25 मार्च 2021. मेळघाटात हरिसालला वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी जीव दिला. वरिष्ठाच्या जाचाबद्दल त्यांनी चिठ्ठीत लिहून ठेवलं होतं. अंगावर वर्दी, हातात अधिकार, बेडर म्हणून नाव. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा 2013पासून आहे, पण वरिष्ठाचा जाच किती तऱ्हांचा असतो आणि त्याची तक्रार ऐकणारं माणूस जंगलातल्या त्या ठाण्यापासून किती लांब असतं, हे त्या चिठ्ठीनंतर बोललं गेलं. त्याच मेळघाटात, बैरागडला, डॉ. स्मिता कोल्हे यांनी डॉ. रवींद्र कोल्हे यांच्या जोडीने अख्खं आयुष्य आदिवासींच्या सेवेत घालवलं. 2019 साली दोघांना पद्मश्री मिळाली. ही दोन्ही नावं मेळघाटाचीच आहेत. एकीचा सत्कार करताना दुसरी मला विसरता येत नाही.

गेल्या वर्षी आमच्या घरी पुन्हा हक्कसोडीचा कागद निघाला. थोरल्या आत्याने आधीच सही दिलेली होती. धाकटी आत्या चष्मा लावून कागद वाचत बसली. बाबा म्हणाले, ‘वाचतं काय, घरचंच तं आहे.’ तिने कागद घडी करून बाबांच्या पुढे ठेवला. ‘म्या सही नाई करत. माह्या मायनं या वावरात जलम काढला.’ बाबा उठून ओसरीवर गेले. आई आत चहा टाकायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आत्याचं नाव अजून उताऱ्यावर आहे. त्याच्याभोवती कंस नाही. दिवाळीनंतर पहिल्या वेचणीला ती बसने आली, धुऱ्यावर काट्याशी उभी राहिली आणि प्रत्येकीच्या ओझ्याचं वजन वहीत लिहून घेतलं, बायांच्या नावानिशी.