कप्पीवरील दोन वजने आणि ऊर्जेचा हिशेब

कप्पीवरून नेलेल्या दोरीच्या एका टोकास ३ किलोग्रॅम व दुसऱ्या टोकास २ किलोग्रॅम वस्तुमान टांगले आहे. स्थिर अवस्थेतून सोडल्यावर जड वस्तू १ मीटर खाली आली असता तिचा वेग किती?

शिक्षकी पेशाच्या आरंभी हे उदाहरण मी फळ्यावर पुढीलप्रमाणे सोडविले होते : जड वस्तूने गमावलेली स्थितिज ऊर्जा ३ × ९.८ × १ = २९.४ ज्यूल, तीच तिची गतिज ऊर्जा, म्हणून वेग सेकंदास सुमारे ४.४ मीटर. मागच्या रांगेतील एका मुलाने विचारले, "गुरुजी, मग हलके वजन वर कोणी उचलले?" मी त्यास खाली बसविले. वस्तुतः माझे उत्तर म्हणजे दोरी तुटून पडणाऱ्या वस्तूचा वेग होय. मुलाचा प्रश्न योग्य होता, हिशेब माझा चुकला होता.

अशा उदाहरणांत ऊर्जेचा हिशेब एका वस्तूचा नव्हे, तर दोरीने जोडलेल्या सर्व वस्तूंचा मिळून मांडावयाचा असतो. दोरी ताणत नसल्याने जड वस्तू जितकी खाली येते तितकीच हलकी वर जाते, आणि दोहोंच्या वेगाचे मान सारखेच राहते.

जड वस्तूने गमावले : २९.४ ज्यूल.
हलकीने स्थितिज रूपात मिळविले : २ × ९.८ × १ = १९.६ ज्यूल.
गतीसाठी उरले : ९.८ ज्यूल.

ही शिल्लक ५ किलोग्रॅम वस्तुमानास गती देते. म्हणून ½ × ५ × वेगाचा वर्ग = ९.८, वेगाचा वर्ग ३.९२; वेग सेकंदास सुमारे १.९८ मीटर.

दोरीच्या ताणाचे काय, असे कोणी विचारील. ताण जड वस्तूकडून जितकी ऊर्जा काढून घेतो, तितकीच हलकीस देतो. एकत्रित हिशेबात त्याची जमा व खर्च समान होतात; यामुळेच ही रीत सोपी ठरते. ताण काढावयाचा असल्यास मात्र एकाच वस्तूचा हिशेब मांडावा. हलक्या वस्तूस १९.६ ज्यूल स्थितिज व ३.९२ ज्यूल गतिज, असे एकूण २३.५२ ज्यूल दोरीने १ मीटर अंतरात दिले. अर्थात ताण २३.५२ न्यूटन.

येथे कप्पी वजनाने नगण्य व घर्षणरहित मानली आहे. कप्पी जड असल्यास तिच्या फिरण्यातही काही ऊर्जा जाते. घर्षण असल्यास काही ऊर्जा उष्णतेत जाते. दोन्ही प्रसंगी वेग कमी भरतो, परंतु नियम मोडत नाही.

जॉर्ज अ‍ॅटवुड यांनी १७८४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा यंत्राचे वर्णन आहे. मोकळी पडणारी वस्तू १ मीटर अंतर अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळात कापते. वरील जोडीस सुमारे एक सेकंद लागतो. पतन असे संथ झाल्याने ते मोजता येते.

वर्गात एक कप्पी व वाळूच्या दोन पिशव्या पुरेशा आहेत. प्रथम दोन्हींत समान वाळू भरावी; पिशव्या स्थिर राहतील. मग एकीत मूठमूठ वाळू घालावी. किती वाळूने हालचाल सुरू होते, यावरून घर्षणाचा अंदाज मुलांस आपोआप येईल. सूत्र त्यानंतर सांगावे. आणि "हलके वजन कोणी उचलले?" हा प्रश्न कोणी विचारला नाही, तर तो शिक्षकाने स्वतःच विचारावा.